अर्ध्या विटेची देवी आणि हिरवी साडी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बजाजनगरात पाण्याच्या टाकीमागं एकेकाळी एक स्वतंत्र राज्य होतं. लोकसंख्या दोन. देवी एक. देवीचं खातंही एकच: सूड.

हे राज्य मी आणि शेजारची मैत्रीण, अशा दहा वर्षांच्या दोघींनी स्थापन केलं होतं. देवी म्हणजे अर्धी वीट. तिला मी कोळशानं डोळे काढले, कुंकवानं लांब जीभ काढली. कायदे मैत्रिणीचे. ज्याचा सूड घ्यायचा, त्यानं अंगावर घातलेल्या कपड्याचा धागा विटेला गुंडाळायचा. कपडा न धुतलेला हवा. "धुतला की त्यातून माणूस निघून जातं," ती म्हणायची. तीन दिवसांत देवी त्याला धरणार.

उवा झाल्या म्हणून काकूनं भर अंगणात माझी वेणी कात्रीनं कापली. गल्ली हसली. मी घरात जाऊन खुंटीवरची तिची हिरवी साडी गाठली, पदराचा धागा ओढला आणि विटेला सात वेढे दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी थंडी वाजून आली. आईला.

तीन गोधड्या घालूनही ती थडथडत होती. "छातीवर कुणीतरी बसलंय," असं पुटपुटली. कोण बसलंय, ते त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. तेवढ्यात काकू वडिलांना म्हणाली, "परवा माझी हिरवी नेसून हळदीकुंकवाला गेल्या, आल्यावर खुंटीला लावली, तवापासून अंग मोडून आलं म्हणत होत्या."

वडिलांनी आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी टाकीकडं पळाले. धाग्याला हात लावणार, तोच मैत्रीण किंचाळली, "नको! ज्याच्यासाठी बांधला, त्यानंच सोडायचा. सगळं ऐकून, खुशीनं."

"हा कायदा कधी केलास?"

"आत्ताच. पण कायदा म्हंजे कायदा!"

विटेची जीभ मला कालच्यापेक्षा लांब दिसली.

सकाळी निरोप आला, ताप हटत नाही. काकू भाकरी थापत होती. मी सगळं एका दमात सांगितलं, डोळे मिटले आणि थोबाडीत बसायची वाट पाहत उभी राहिले. बसली नाही. डोळे उघडले तर काकूचा चेहरा परातीतल्या पिठासारखा झालेला. तिनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला. "चल. दाखव."

टाकीमागं मैत्रीण विटेची राखण करत बसलेली. काकूनं चपला काढल्या. "बाई, लेकराची चूक झाली," असं विटेला म्हणत वेढे सोडू लागली. चौथ्या वेढ्याला धागा विटेच्या कडेत अडकला आणि आम्ही तिघींनी श्वास रोखला. तो तुटू नये म्हणून काकूनं तो नखानं, सुईत ओवावा इतक्या हळू, सोडवला.

दोन दिवसांनी आई घरी आली. हिवताप होता, गोळ्या लागू पडल्या, असं डॉक्टर म्हणाले. काकूनं आणि मी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. बघायला आलेल्या बायकांनी खोली भरलेली. आईनं अंगावरची साडी बदलावी म्हणून सहज खुंटीवरच्या हिरव्या साडीला हात घातला, आणि काकू सगळ्यांदेखत ओरडली,

"ताई, ठिवा ती! तुमच्या पोरीची देवी माणूस बघत नाय, साडी बघती!"