सब्जाचं बी घेऊन फरसान बेटावर

आपाचा फोन आला तेव्हा मी दम्मामच्या कामगार कॅम्पमध्ये कपडे वाळत घालत होतो. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती म्हणाली, "तू त्याच देशात आहेस ना रे? मग एकदा त्यांच्या कबरीवर जाऊन ये."

तिचे यजमान युसूफभाई जिझानसमोरच्या फरसान बेटावर एका मासेमारी होडीवर कामाला होते. दोन वर्षांपूर्वी होडीवरच छातीत कळ येऊन गेले आणि त्याच दिवशी बेटावर दफन झाले. तिथेच दफन करायला आपाने फोनवरून होकार दिला होता. त्याआधी चार वर्षं ते घरी आले नव्हते. मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिकडे दुसरं घर केलंय, असं गावात लोक बोलायचे. आपाने त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. गावाहून येणाऱ्या माणसाच्या हातून तिने फक्त एक पुडी पाठवली. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात, त्याचं बी होतं. "डोक्याकडच्या बाजूला लाव. आणि एक फोटो काढ."

त्याच देशात म्हणायला ठीक आहे, पण दम्माम पूर्वेच्या किनाऱ्यावर आणि जिझान पार नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. रियाधला बस बदलून मला एक दिवस आणि एक रात्र लागली. जाणाऱ्यांनी इकाम्यासोबत, म्हणजे इथल्या रहिवासी ओळखपत्रासोबत, कफीलचं, म्हणजे इथल्या मालकाचं, पत्र जरूर ठेवावं. माझं वाटेत तीनदा पाहिलं. बोटीला पैसे पडत नाहीत, मात्र आदल्या दिवशी बंदरावर जाऊन तिकीट घ्यावं लागतं. रात्र काढायला बंदराजवळ साध्या खोल्या मिळतात. पंखा आहे का ते आधी बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

बोट सकाळची. बायकांची बसायची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. पाऊण वाट होईपर्यंत पाणी आपल्याकडच्या खाडीसारखं गढूळ होतं, मग एकदम हिरवं झालं. शेजारचा माणूस डॉल्फिन दाखवत होता. मी नुसती मान हलवली. खिशातल्या पुडीला समुद्राची ओल लागेल म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होतो.

बेटावर उतरल्यावर भाड्याच्या पिकअप उभ्या असतात. मीटर नसतो, बसण्याआधी ठरवून घ्यावं. माझा ड्रायव्हर बंगाली होता. तो म्हणाला, "हिरण देखेगा? पुराना मोतीवाला का घर देखेगा?" मी म्हटलं, कब्रस्तान. त्याने गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं आणि मग भाड्यातले पाच रियाल आपणहून कमी केले.

आधी होडीवाल्यांकडे गेलो. एका झापाच्या सावलीत मोइदू नावाचा म्हातारा मलबारी जाळं शिवत होता. युसूफ पावसकर, रत्नागिरीचा, असं मी दोनदा सांगितलं. तो मान हलवत राहिला.

"पावसकर कौन? इधर नहीं था."

मी फोटो दाखवला. त्याने सुई खाली ठेवली.

"अरे, ये तो अबू याकूब."

अबू म्हणजे बाप, हे इथे महिनाभर राहिलेल्यालाही कळतं. याकूबचा बाप. म्हणजे गावातले लोक खोटं बोलत नव्हते.

मी फोटो परत खिशात ठेवला. मोइदूने मला भात आणि भाजलेला मासा वाढला. मासा ताजा होता, पण तो कुठला, कशी चव होती, हे आज सांगता येणार नाही. तो बोलत होता. अबू याकूब बांग फार सुंदर देत असे, अबू याकूब कुणाच्या चपला उन्हात राहू देत नसे. प्रत्येक वेळी ते नाव आलं की मला आपाने बांधलेली पुडी आठवे. पुडीला तिने दोरा तीन वेळा गुंडाळला होता.

कब्रस्तान म्हणजे भिंतीआड वाळू आणि ओळीने लावलेले ओबडधोबड दगड. नाव कुठेच नाही. मोइदू एका ओळीपाशी थांबला, मग पुढच्या ओळीकडे गेला, मग परत आला.

"इसमें है. या उसमें. माफ करना भाई, उस दिन हवा बहुत था."

मी पुडी काढली तसा त्याने माझा हात धरला. "इधर कुछ नहीं लगाते. कोई देखेगा तो डांटेगा." मी ती परत खिशात ठेवली. दोन्ही ओळी येतील असा फोटो काढला. दुआ मागायला हात वर केले, पण मन जागेवर नव्हतं. जिभेवर शब्द होते तेवढे म्हटले आणि दोन मिनिटांत हात खाली घेतले. मला त्यांचा राग आला होता.

परतीची बोट दुपारची होती. मोइदू धक्क्यापर्यंत आला. रांगेत शेवटी उभं असताना मला राहवलं नाही.

"याकूब कहाँ रहता है?"

"कौन याकूब?"

"उनका बेटा."

मोइदू आधी हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. "भाई, जिसका बच्चा नहीं, उसको भी अरब लोग इज्जत से अबू बोलता है. हर युसूफ को अबू याकूब बोलता है. युसूफ नबी का बाप याकूब था ना, और इधर बेटे को दादा का नाम देता है, इसलिए. वो आदमी तो मस्जिद और होडी, दूसरा कुछ नहीं. घर जाने का छुट्टी मांगता था हर साल. कफील नहीं देता था."

नबी युसूफ आणि त्यांचे वडील याकूब यांची गोष्ट मी गावच्या मौलवींकडे लहानपणीच शिकलो होतो. ती मला त्या दिवशी सुचली नाही. मागून शिपायाने "यल्ला, यल्ला" म्हणत मला पुढे ढकललं. कब्रस्तान तिथून पंधरा मिनिटांवर होतं. ती बोट सोडली तर दुसरी उद्या, आणि कफीलच्या पत्रावरची मुदत बसप्रवासापुरतीच उरली होती. मी चढलो.

तीन महिन्यांनी सुट्टीवर गावी गेलो. आपाने फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"यातली कुठली?"

"नक्की नाही सांगता येत."

तिने पुडी घेतली, दोरा तपासला आणि तो सुटलेला नाही हे तिला दिसलं. मी तिला बांगेचं, चपलांचं सांगितलं. दर वर्षी मागितलेल्या सुट्टीचं सांगितलं. मग अबू याकूबचं सांगितलं, अर्थासकट.

"रोज म्हणायचे?"

"रोज."

"बरं झालं," आपा म्हणाली. "बाप म्हणून हाक मारली कुणीतरी."

त्या दोन मिनिटांच्या दुआबद्दल मी तिला सांगितलं नाही. आता रोज नमाजानंतर ती पूर्ण मागतो, पण इथून, दम्मामहून. फरसानला एका दिवसात जाऊन येता येतं, असं सगळेच सांगतात. जायचंच असेल तर दोन दिवसांची परवानगी घ्या.