भिंतीवरची चौदा तारीख

आमच्या कारखान्याच्या पुढच्या भिंतीला गेल्या सहा वर्षांत दोनदा रंग लागला, आणि दोन्ही वेळा रंगाऱ्याशी माझं वाजलं. दाराच्या उजव्या हाताला वीतभर जागा मी त्याला रंगवू देत नाही. "ताई, सगळी भिंत पांढरीशुभ्र आणि मधेच हा मळका चौकोन? लोक मला नावं ठेवतील," तो म्हणतो. मी म्हणते, खुशाल ठेवू देत, मला काय कमी नावं ठेवतात? त्या चौकोनात पेन्सिलीनं दोन तारखा लिहिलेल्या आहेत. दोन्हींचं अक्षर एकच, किरटं आणि उजवीकडे कललेलं. ते अक्षर खळकाकांचं.

कारखाना म्हटला म्हणून फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक लांबोडी खोली, मागे कापूस पिंजायचं यंत्र, पुढे सतरंजी अंथरून बसलेल्या चौघीजणी आणि त्यांच्या हातात दाभणं. गाद्या आणि उशा करतो आम्ही. खोळी बेततात माझ्या जाऊबाई, यंत्र चालवतात आमचे हे, आणि भांडायचं खातं माझ्याकडे. यंत्राशेजारी तीस वर्षं काढल्यामुळे ह्यांना ऐकू कमी येतं आणि बोलायची सवय मुळीच राहिलेली नाही. त्यांच्या वाटचं मी बोलते.

आमची वस्ती तेव्हा नुकतीच शहराच्या हद्दीत आली होती. आम्ही जागचे हललो नव्हतो, शहरच चालत आमच्या दारात आलं. रस्त्यावर दिवे आले, कचऱ्याची गाडी यायला लागली, नळाला जोर आला. कौतुक करावं तेवढं थोडं. पण दिव्यांपाठोपाठ नकाशाही आला. त्या नकाशात आमची गल्ली पिवळी झाली. पिवळा म्हणजे इथे फक्त राहायचं, कुठलाही कारखाना चालवायचा नाही. हे अर्थात आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक सडपातळ गृहस्थ सायकलवरून उतरले. हँडलला खळीची बादली, मागे कागदांची गुंडाळी, कानावर पेन्सिल. कोणाला काही न विचारता त्यांनी कोरड्या फडक्यानं माझी भिंत पुसायला घेतली. माझ्या नाकावर राग कायम बसलेलाच असतो, त्याला कारण लागत नाही. इथे तर कारणही होतं.

"ओ काका, ही भिंत म्हणजे काय पालिकेचा फळा वाटला का?"

"आता ती पालिकेच्या हद्दीत आहे, ताई. भिंत तुमचीच," ते शांतपणे म्हणाले आणि खळीचा ब्रश फिरवायला लागले. आधी भिंतीला खळ, मग कागद, मग कागदावरून पुन्हा खळ, आणि तळवा मधून कडेकडे फिरवत एकही सुरकुती राहू द्यायची नाही. इतक्यात ह्यांनी आत यंत्र सुरू केलं. दारातून उडालेला कापूस ओल्या खळीवर जाऊन बसला. काका मागे सरून बघत म्हणाले, "वा! लागली नाही तोच नोटिशीला दाढी आली."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्याशी, थेट भिंतीवर, लिहिलं: चौदा तारीख, सव्वादहा. खाली दोन अक्षरांची सही. वर माझ्या भिंतीवर पेन्सिलही! मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, "आता वाचा बघू. मोठ्यानं."

"मला वेळ नाही. वसतिगृहाच्या चाळीस गाद्या द्यायच्या आहेत."

"मी थांबतो." आणि ते खरोखरच पायरीवर बसले.

मला वाटलं, काकांना स्वतःला वाचता येत नसेल. पीडा टळावी म्हणून मी भराभर वाचून टाकलं. ते म्हणाले, "दुसरा परिच्छेद पुन्हा. सावकाश." मी सावकाश वाचला आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. हद्दवाढीच्या आधीपासून जे व्यवसाय चालू आहेत त्यांनी, नोटीस लावल्यापासून तीस दिवसांत, पुराव्यासह हरकत नोंदवावी. अन्यथा परवाना मिळणार नाही आणि व्यवसाय बंद करावा लागेल.

"आता कळलं ना?" काका उठले. "तीस दिवस आहेत. कागद गोळा करा." मी त्यांना पाणी दिलं. उभ्याउभ्या पिऊन ते पुढच्या गल्लीत गेले. तिथेही ते कोणालातरी "वाचा बघू" म्हणत होते, ते मला दारातून ऐकू येत होतं. अशा एकेचाळीस गल्ल्या होत्या, आणि बादली एकच.

कागद गोळा करणं सोपं गेलं नाही. यंत्र घेतल्याची पावती सापडली, विजेची जुनी बिलं सापडली. शेजाऱ्यांची लेखी संमती मात्र हवी होती आणि शेजाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आले होते. पलीकडच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आमचा कापूस बसतो, त्यावरून आमच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं. मी पाच वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. सहाव्या वेळी त्यांनीच दार उघडलं. "आत या. किती दिवस घिरट्या घालणार?" संमतीबरोबर त्यांनी खिडकीला जाळी बसवायचं माझ्याकडून लिहून घेतलं. बरोबरच होतं त्यांचं. पण ह्या सगळ्यात अठ्ठावीस दिवस गेले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी हरकत दिली, शिक्का घेतला आणि जीव भांड्यात पडला.

सुनावणीच्या दिवशी तो भांड्यातून पुन्हा बाहेर आला. नगररचना विभागाच्या मॅडम समोर बसल्या होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. शेजारच्या कारकुनानं माझा अर्ज चाळला आणि म्हणाला, "मुदतीनंतर आलाय. नऊ दिवस उशीर."

"उशीर कसला? दोन दिवस शिल्लक होते!"

"नोंदीप्रमाणे सगळ्या गल्ल्यांत तीन तारखेला नोटिसा लागल्या."

माझा तोंडाचा पट्टा सुटला. मॅडमनी मला बोलू दिलं. मी दमल्यावर त्यांनी एक तक्ता माझ्यापुढे सरकवला. एकेचाळीस गल्ल्या, प्रत्येकीपुढे तीन तारीख, आणि खाली नोटीस लावणाऱ्याची सही. किरटी, उजवीकडे कललेली. "एक आठवडा देते. दुसरा काही पुरावा असेल तर आणा," त्या म्हणाल्या. आमच्या भिंतीवरच्या नोटिशीच्या तोवर चिंध्या झाल्या होत्या. पेन्सिलीची तारीख मला त्या क्षणी आठवलीसुद्धा नाही. डोक्यात एकच होतं, की ह्या माणसानं आपल्याला पायरीवर बसून वाचायला लावलं आणि तिकडे जाऊन खोट्यावर सही केली.

कचेरीच्या मागच्या शेडमध्ये काका स्टोव्हवर खळ शिजवत होते. मी तक्त्याची प्रत त्यांच्यापुढे धरली आणि जे तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी स्टोव्ह बंद केला, दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी. मग चष्मा काढून म्हणाले,

"सही माझीच आहे. कारकुनानं पुढे केला, मी केली. वाचला नव्हता मी."

मग त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. एका घड्याळजीच्या टपरीवर त्यांना नोटीस लावायची होती. टपरी बंद दिसली म्हणून दारावर कागद डकवून ते निघून आले. कागद वाऱ्यानं उडाला, मुदत संपली, टपरी उचलली गेली. घड्याळजी कचेरीत आला तो आरडाओरडा करायला नाही. "जेवायला गेलो होतो हो, दहा मिनिटं," एवढंच म्हणाला. "थांबायचं ना." तेव्हापासून काका थांबत होते. वाचून घेतल्याशिवाय हलत नव्हते, आणि कागद उडाला तरी राहावी म्हणून तारीख भिंतीवर लिहीत होते. चौतीस वर्षं.

"सगळ्या गावाला वाचायला लावलं मी," ते म्हणाले, "आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा वाचलं नाही."

त्यांना निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते. खोट्या नोंदीवर सही केली असं कबूल करण्याचा अर्थ त्या वयातल्या नोकरदार माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चौकशी लागली तर निवृत्तीचे कागद अडकणार. खरं सांगते, मी "राहू द्या, काका" म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते यंत्र होतं, त्या चौघी होत्या, आणि यंत्र बंद पडलं तर दिवसभर कुठे बसायचं हे ज्यांना सुचणार नाही असे आमचे हे होते. मी तक्त्याची घडी घालून घरी आले.

आठवड्यानं सुनावणीला गेले तर काका माझ्या आधीच येऊन दाराशी उभे. धुतलेला सदरा, कानावर पेन्सिल नाही. माझं नाव पुकारल्यावर तेच पुढे झाले.

"मॅडम, ह्या तक्त्यावर मी न वाचता सही केली. ती चूक माझी. ह्यांच्या गल्लीत नोटीस चौदा तारखेला सव्वादहाला लागली. तारीख भिंतीवर लिहिलेली आहे."

कारकून हसला. "पेन्सिलीनं? ती काय, कोणीही लिहील."

"एकेचाळीस गल्ल्यांत लिहिली आहे. एवढ्या ठिकाणी कोण कशाला लिहील? चला, दाखवतो."

मॅडमनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि एकदा काकांकडे. मग खुर्चीमागची पिशवी खांद्याला लावून उठल्या. टेबलामागून उठून आमच्यासारख्यांच्या गल्लीत येणारी साहेबीण मी तोवर पाहिली नव्हती. त्यांचेही उपकार मी विसरणार नाही.

पहिली आमची भिंत. कागद गेलेला, खळीचा पापुद्रा उरलेला, त्यात आमचा कापूस रुतलेला, आणि खाली ठळक: चौदा तारीख, सव्वादहा. मॅडमनी ते वहीत उतरवून घेतलं. मग पुढची गल्ली, मग त्यापुढची. कुठे कोणी भिंत रंगवून टाकली होती, कुठे वर जाहिराती चिकटल्या होत्या, तरी संध्याकाळपर्यंत सव्वीस ठिकाणी तारखा मिळाल्या. तीन तारीख फक्त पहिल्या दोन गल्ल्यांत होती. चपलेचा पट्टा तुटला तशा मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "पुरे. मुदत सगळ्यांचीच नव्यानं मोजायची."

माझ्या एकटीचा नाही, वस्तीतल्या बारा व्यवसायांचा अर्ज त्यामुळे मुदतीत बसला. काकांची चौकशी मॅडमनी लांबवली नाही. निवृत्तीचे कागद अडकले नाहीत. पण चौतीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या सेवापुस्तकात, शेवटच्या पानावर, लाल शाईचा शेरा आला. मी रडकुंडीला येऊन माफी मागायला गेले, तर मलाच म्हणाले, "शेरा खरा आहे, ताई. मी वाचून सही केली त्याच्यावर."

मी त्यांना गादी देऊ केली. नोकरीत असेपर्यंत त्यांनी उशीचा अभ्रासुद्धा घेतला नाही. आता येतात अधूनमधून, त्यांच्या सायकलच्या सीटवर माझ्या हातची छोटी गादी आहे. ती घातली त्या दिवशी म्हणाले, "चौतीस वर्षं उगाच हाल काढले की हो." असा माणूस आपल्या वाट्याला आला, ह्याचं मला अजून नवल वाटतं. गादीला पहिला टाका घालताना मी रोज एकदा त्यांचं नाव घेते.

पण मला सांगायचा आहे तो त्यांच्या नोकरीचा शेवटून दुसरा दिवस. काका सायकलवरून उतरले, बादली काढली, फडक्यानं तीच जागा पुसली. परवाना मंजूर झालेल्यांची यादी होती. भिंतीला खळ, मग कागद, मग वरून खळ. मी जाऊन ह्यांना यंत्र बंद करायला लावलं. चौघी दाभणं घेऊन दारात आल्या, जाऊबाई आल्या, मास्तरीणबाई गॅलरीत आल्या. काका पायरीवर बसले.

"वाचा बघू. मोठ्यानं."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पहिला सुतार, दुसरी पिठाची गिरणी. सहाव्या नंबरावर आमचं नाव होतं. ते वाचताना माझा आवाज चिरकला आणि अर्धं नाव घशातच राहिलं.

"सहा नंबर पुन्हा. सावकाश," काका म्हणाले.

मला काही केल्या जमेना. जन्मभर भांडायला पुरलेला माझा आवाज नेमका तेव्हा पळून गेला. तेवढ्यात आमचे हे पुढे झाले. अंगावरचा कापूस झटकला, नाक कागदाला लागेल इतके वाकले आणि त्यांनी सहावी ओळ वाचली. कमी ऐकू येणारा माणूस, त्यांना वाटलं आपण हळूच वाचतोय. गल्लीच्या त्या टोकापर्यंत आमचं नाव गेलं. पूर्ण नाव, पत्ता, व्यवसाय गाद्या-उशा तयार करणे, परवाना मंजूर.

काका उठले, चष्मा लावून सहावी ओळ एकदा स्वतः वाचली, आणि मग कानावरची पेन्सिल काढून पहिल्या तारखेच्या खाली दुसरी तारीख लिहिली.