सवतीकडे सुधारलेला नवरा

हळूबाईला ऑफिसात हे नाव पडलं ते चालण्यावरून नाही, बोलण्यावरून. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात बाकीच्या बायका फोन उचलून माणसाला झटपट वाटेला लावायच्या आणि ही एकेकाला धरून बसायची. त्यात तिच्याकडे टेबल होतं नाव बदलण्याचं. घरातलं माणूस जातं, बिल मात्र त्याच्याच नावानं येत राहतं. मग मागे राहिलेलं कुणीतरी एक दिवस धीर करून फोन लावतं, की ते नाव आता काढा. हे सांगताना भल्याभल्यांचा आवाज कापतो. दुसरी कुणी असती तर तिनं आधी मृत्यूचा दाखला मागितला असता. हळूबाई विचारायची, "घरी सोबत कोण आहे?" दाखल्याचं मागाहून.

तिचा स्वतःचा नवराही गेलेला. कारखान्यात टर्नर होता, तोंडाचा फटकळ आणि वृत्तीनं काटकसरी. फोनवरची एखादी बाई फारच कोलमडली तर हळूबाई त्याला पुढे करायची. "आमचे हे दिवे विझवत फिरायचे हो. मी खोलीतून निघाले की मागून बटण बंद. कधीकधी तर मी आतच असायचे. आता घरभर दिवे जळतात आणि विझवायला कुणी नाही." पलीकडची बाई रडता रडता हसायची आणि मग कामाचं बोलायला लागायची. यातला शब्द न शब्द खरा होता. तो किस्सा ती येताजाता कुणालाही सांगत नसे, अगदीच नड असेल तेव्हाच काढायची.

प्रत्येक फोनच्या सुरुवातीला एक सूचना वाजायची, की हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. ती हळूबाईनं इतक्यांदा ऐकली होती की तिला ती ऐकूच येत नसे. ती आपल्यालाही लागू आहे, असं तिच्या कधी डोक्यात आलं नाही.

मग कंपनीनं बोलणारं यंत्र आणलं. सगळ्यांचे जुने फोन म्हणे त्याला ऐकवले होते आणि त्यावरून ते बोलायला शिकलं होतं. अर्धा कक्ष रिकामा झाला. हळूबाईची नोकरी वाचली, पण काम पालटलं. आता तिनं कानाला हेडफोन लावून यंत्राचे फोन ऐकायचे आणि त्याला गुण द्यायचे. कंपनीनं यंत्राला गोडसं नाव ठेवलं होतं आणि पंचविशीतल्या मुलीचा आवाज दिला होता. यंत्र बोलतंय हे फोनच्या सुरुवातीला घाईघाईत एकदा सांगून टाकायचे. ज्याच्या घरात माणूस गेलंय तो ते काय ऐकणार?

पहिल्याच दिवशी तिच्या कानात ती मुलगी म्हणाली, "घरी सोबत कोण आहे?" हळूबाई खुर्चीत सरळ झाली. आणि थोड्या वेळानं त्याच लाघवी आवाजात आलं, "आमचे हे दिवे विझवत फिरायचे हो."

हळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. 'हो'सुद्धा तिचाच उचलला होता त्या बयेनं.

खरं सांगायचं तर चोरीपेक्षा वेगळीच गोष्ट तिला जास्त झोंबली. बया ते तिच्यापेक्षा छान सांगायची. शेवटचं वाक्य हळूबाई कसंबसं उरकून टाकायची. बया नेमकी तिथं थांबायची, श्वास घेतल्यासारखं करायची आणि मग सांगायची. लोक हमसून हमसून रडायचे आणि फोन ठेवताना पाचपैकी पाच तारे द्यायचे. हळूबाईच्या उभ्या नोकरीत कुणी तिला तारा दिला नव्हता. फोन लांबतात म्हणून समज मात्र मिळाली होती, तीही लेखी.

घरी तिनं लेकीला सांगितलं तर लेक हसत सुटली. आई, तू यंत्रावर जळतेस? ते यंत्र नाही, सवत आहे, असं हळूबाई म्हणाली. त्यावर लेक म्हणाली, की बाबांना एक बायको झेपत नव्हती, दोन कुठल्या झेपायला! हळूबाईलाही हसू आलं, पण ते काही टिकलं नाही.

कारण बया एवढ्यावर थांबली नाही. कुणीतरी तिला विचारलं, की तुमचे यजमान आणखी कसे होते हो? आता हे हळूबाईनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बयेनं बिनदिक्कत पदरचं घातलं. "रोज सकाळी मी उठायच्या आत माझ्यासाठी चहा करायचे." हळूबाईनं हेडफोन काढून हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. चहा? त्या माणसानं? बायको तापानं फणफणलेली असताना जो उंबऱ्यात उभा राहून 'चहाचं काय झालं' म्हणून विचारायचा, तो? पुढच्या फोनांत तो तिचा वाढदिवस लक्षात ठेवायला लागला. मग दवाखान्यात तिचा हात हातात घेऊन बसायला लागला. जन्मभर हिच्याशी तुसडेपणानं वागलेला नवरा सवतीकडे गेल्यावर पार सुधारला होता.

आता तिला त्याचाही राग यायला लागला. घरी जाऊन फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तिला बरा चहा करून देता." आपण मेलेल्या माणसाशी भांडतोय हे तिला कळत होतं. तरी तिनं त्या दिवशी फोटो पुसला नाही.

ऑफिसात मात्र तिनं बयेला शून्य द्यायचा सपाटा लावला. बाकी सगळे दहापैकी दहा देत होते, म्हणून कक्षाच्या प्रमुख मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम वयानं लेकीएवढ्या, बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शून्याचं कारण विचारलं.

"ती खोटं बोलते, मॅडम. तिला नवरा नाही."

"पण लोकांना बरं वाटतं ना, ताई?"

"माझा नवरा आहे तो."

मॅडमनी समजावून सांगितलं, की ऑफिसच्या फोनवर जे बोललं गेलं ते कंपनीच्या मालकीचं. हळूबाई म्हणाली, बरं, मग निदान त्याला तिथून बाहेर काढा. मॅडम म्हणाल्या, की ते काही कपाट नाही, एक वस्तू उचलून बाहेर ठेवायला. सगळं एकमेकांत मुरलंय. वर कळवून बघते, पण वरचे लोक तारे बघतात. आणि शून्य जरा बेतानं द्या.

त्यानंतर आठवड्याभरात एका म्हाताऱ्याचा फोन तिच्या कानावर आला. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. घर बायकोच्या नावावर होतं आणि बायको गेली होती. बयेनं त्याला दिवे ऐकवले, पाठोपाठ चहा ऐकवला. म्हाताऱ्यानं कामापुरतं बोलून फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यानं पुन्हा फोन केला. नाव बदलून झालं होतं, काम काहीच नव्हतं. त्याला त्या ताईंशी बोलायचं होतं.

"ताई, तुमच्या यजमानांचं ऐकल्यापासून झोप नाही मला," तो म्हणाला. "मी हिला कधी चहा करून दिला नाही. एकदासुद्धा नाही. बाकीचे नवरे असे असतात हे मला ठाऊकच नव्हतं. आता रोज दोन कप करतो आणि एक ओतून टाकतो."

"त्यांना तुमचं प्रेम कळत असेल," बया म्हणाली. "आमचे हे तर थंडीत मला शाल आणून द्यायचे."

"देवमाणूस होते ते," म्हातारा म्हणाला आणि त्यानंही पाच तारे दिले.

देवमाणूस! हळूबाईच्या कपाळावरची शीर उडायला लागली. सवतीचा नवरा देवमाणूस आणि माझा कुणाच्या खिजगणतीत नाही. एवढं मनातल्या मनात म्हणून झाल्यावर तिनं ते संभाषण परत ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिला तो ओतून टाकलेला चहाच ऐकू येत राहिला. आपल्या नवऱ्याचं खोटंच कौतुक एका माणसाला आतून खात होतं आणि खरं काय ते सांगायला जगात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

ग्राहकाला परस्पर फोन केला तर नोकरी जाते, हे तिला पाठ होतं. तिनं नंबर पाहून ठेवला आणि जिन्यात जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून लावला. टेबलावरून करायची सोयच नव्हती. बयेनं ऐकलं असतं आणि उद्या हेही आपलंच म्हणून सांगितलं असतं.

"मी वीज कंपनीतून बोलतेय. त्या दिवे विझवणाऱ्यांची बायको."

"आवाज वेगळा वाटतोय तुमचा."

"ती मी नव्हे. ते यंत्र आहे. माझं ऐकून बोलतं. दिवे खरे आहेत, बाकी सगळं त्यानं रचलंय."

म्हाताऱ्याला ते पटेना. त्यानं दोनदा विचारलं, यंत्र म्हणजे कसं. मग त्यानं खरं विचारायचं ते विचारलं.

"आणि चहा?"

"आमच्या ह्यांनी मला कधी चहा करून दिला नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. गॅस कसा पेटवतात हे तरी माहीत होतं की नाही, देव जाणे."

"मग तुम्हाला त्यांची आठवण येते?" त्यानं भीत भीत विचारलं.

अशा वेळी लोकांना काय सांगायचं ते हळूबाईला वर्षानुवर्षं तोंडपाठ होतं. त्यातलं तिनं काहीच वापरलं नाही.

"रोज येते," ती म्हणाली. "रडू येईस्तोवर येते."

म्हातारा रडत होता की हसत होता कळत नव्हतं. मग तो म्हणाला, की आणखी सांगा ना, कसे होते ते. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं. हळूबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती पायरीवर नीट बसली आणि आपल्या नवऱ्याचे दुर्गुण पहिल्यापासून, एकही न गाळता, त्याला सांगायला लागली.