अकरा वाजताचा राग

तिला सगळे लवंगी म्हणायचे. अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की समोरच्याच्या कानाला झिणझिण्या. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं तिचं काम एकच, चादरींच्या घड्या. इस्त्री-यंत्राच्या तापलेल्या रुळांतून चादर बाहेर यायची ती हाताला चटका देतच. दोघींनी समोरासमोर चार कोपरे धरायचे, एकदम झटकायचं, चालत एकमेकींजवळ यायचं आणि एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. तिची जोडीदारीण चिमणी. इतक्या वेळा नवऱ्याचाही हात धरला नाही गं, असं चिमणी म्हणायची.

पाच महिन्यांपूर्वी वाफ बाहेर ओढणारा पंखा बंद पडला. तळघराला खिडकी नाही. मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणे कागद वर गेलाय. कागद वर आणि वाफ खाली, असे तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात चिमणी चादरीचे कोपरे मुठीत धरूनच कोसळली. त्यावर वरून पंखा नाही आला. 'मानसिक ताण सहन होत नाही' असा शेरा मारून चिमणीला घरी बसवलं आणि धुलाईखान्याच्या भिंतीवर एक फळा टांगला. हसरा, मख्ख, रागीट असे तीन चेहरे. रोज आल्या आल्या आपल्या नावापुढे एक लावायचा. मनाची काळजी घेताहेत म्हणे. मेल्यांनी मनाच्या आधी मानेवरचा घाम बघितला असता तर भागलं असतं.

बायका घामाने निथळत हसरा चेहरा लावायच्या. लवंगीने बावीस दिवस रागीट लावला.

तेविसाव्या दिवशी मुकादमाने तिला चौथ्या मजल्यावर समुपदेशक बाईंकडे पिटाळलं. खोली गारेगार. पोरसवदा बाई गोड बोलत होती, पण टेबलावर कागद तयार होता. माझा राग हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, त्यामुळे कामात अडथळा येतो, हे मला मान्य आहे. खाली सहीची जागा. आठवड्यात सही नाही झाली तर पुढल्या सोमवारी कामावर यायचं नाही, हे मुकादमाने जिन्यातच ऐकवलं होतं.

लवंगी कागद फाडायचीच. पण हात उचलला नाही, कारण तिला मनातून वाटत होतं की ते खरंच असेल. मागच्या सुट्टीच्या सकाळी पोरीची वेणी घालताना पोरगी नुसती हलली, तर हिने असा हिसका दिला की कंगव्यात केसांचा पुंजका आला. पोरगी रडलीसुद्धा नाही. तेव्हापासून लवंगीला स्वतःच्या हातांची भीती बसली होती.

बाईने सही रेटली नाही. आठवडाभर राग कधी येतो तेवढं टिपून आणा, म्हणाली. लवंगीने फाटक्या चादरीची चिंधी घेतली आणि कपड्यांवर खुणा करायच्या न पुसणाऱ्या शाईने टिपत गेली. शनिवारी ती चिंधी टेबलावर आपटली.

अकरा. सव्वाअकरा. अकरा. पावणेबारा. सहा दिवस असंच. फक्त सुट्टीच्या दिवसापुढे, सकाळी आठ, पोरगी.

बाईने दोनदा वाचलं. "रोज अकरालाच का?"

"खाली या. आज अकराला."

बाई आली, तोवर सकाळपासून कोंडलेली वाफ तळघरभर दाटली होती. लवंगीने चिमणीचं काय झालं ते सांगत तिच्या जागी बाईला उभं केलं आणि गरम चादरीचे कोपरे तिच्या हातात दिले. पहिल्या घडीला बाई हसली. चौथ्या घडीला श्वास पुरेना, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. नेमका तेव्हाच मुकादम डोकावला. मॅडम, सवय नसली की जरा जड जातं, म्हणाला आणि फिदीफिदी हसला.

बाई त्याच्यावर अशी काही खेकसली की रुळांपाशी उभ्या बायका चपापल्या. पंख्याचं विचारलं, चिमणीचं विचारलं, तो शेरा कोणत्या डॉक्टरने लिहिला ते विचारलं. मुकादम जिना चढून गेला.

"मॅडम," लवंगी म्हणाली, "फळ्यावर तुमचा कोणता चेहरा लावू?"

बाई हसली नाही. सहीचा कागद तिने परत घेतला आणि या जागेबद्दल वर काय लिहिणार आहे ते सगळ्यांसमोर सांगितलं. पंखा येईल की तोही कागद वर जाऊन बसेल, कोण जाणे. लवंगीचा राग तसूभर कमी झाला नव्हता, आणि होऊही द्यायचा नव्हता. पण तिने बाईने सोबत आणलेल्या चिंधीवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे सहा दिवस तुमच्या रुग्णालयाचे. हा एक माझा. ह्याच्यासाठी मंगळवारी येते वर. सही मात्र मागू नका."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आठला पोरीने आपली आपणच वेडीवाकडी वेणी घातली होती. आईला येताना पाहून तिने डोकं मागे घेतलं. ते लवंगीच्या काळजाला लागलं. तिने पोरीच्या हातात कंगवा दिला, स्वतःचा अंबाडा सोडला आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली.

"माझे विंचर," म्हणाली. "दुखलं तर सांगेन. तूही सांगत जा."