रेडिओ बंद पाडणारी तबकडी

काय सांगायचं तुम्हाला, माणसाने थोडंफार विज्ञान वाचलेलं असावं, पण ते गावभर बोलून दाखवू नये. मी दाखवलं, आणि ऐन हंगामात एका अख्ख्या गावाच्या होड्या चार दिवस वाळूत बसल्या. चहा घ्या, सांगतो.

साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि त्याच्या अलीकडच्या एका कोळ्यांच्या गावात मी शाळामास्तर होतो. गावाचं नाव विचारू नका. मी मूळचा कऱ्हाडकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नेमणुकीचा कागद खिशात घेऊनच.

गावात वीज नव्हती. पण ग्रामपंचायतीला बॅटरीवर चालणारा एक रेडिओ मिळाला होता. तो शाळेच्या ओटीवर ठेवलेला आणि शिकलेला माणूस म्हणून माझ्या ताब्यात दिलेला. संध्याकाळी त्यावर हवामान सांगत. ते ऐकून तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य, उद्या समुद्रात जायचं की नाही ते ठरवत. त्यामुळे गावात सरपंचाच्या खालोखाल मान मला होता. कधी कधी तर सरपंचही माझ्या खालोखाल होते, असं मला वाटायचं.

रेडिओची एरियलची तार मीच बांधली होती. एक टोक शाळेच्या आढ्याला, दुसरं शेजारच्या काशीबाईंच्या अंगणातल्या बांबूला. तिथे त्या मासळी सुकवायच्या. काम अगदी झकास झालं होतं.

महिनाभर रेडिओ छान बोलला. मग एके दिवशी दुपारी साडेचारला मुका झाला. नुसती खरखर. दिवेलागणीला पुन्हा चालू, पण तोवर हवामान सांगून झालेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मी काय काय केलं नसेल? बॅटरीचे स्क्रू घासले. बटणं फुंकली. अर्थिंगच्या तारेपाशी तांब्याभर पाणी ओतलं. सरपंच शेजारी उभे राहून बघत होते.

"मास्तर, यो बिघडला का?" त्यांनी विचारलं.

"बिघडला असता तर दिवेलागणीला कसा लागला असता?"

"मंग?"

मग काय, ते मलाही माहीत नव्हतं. मी विचारवंतासारखं आभाळाकडे पाहिलं, आणि तिथेच घात झाला. उत्तरेला, तारापूरच्या अंगाला, काहीतरी गोल, पांढरं, उन्हात चकाकणारं हळूहळू वर चढत होतं. पक्षी नव्हे. विमान नव्हे. आवाज नाही. बघता बघता ठिपका झालं आणि गेलं.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात मी एका मासिकात उडत्या तबकड्यांवरचा लेख वाचला होता. तबकडी जवळ आली की मोटारी बंद पडतात, दिवे विझतात, रेडिओ खरखरतात. तिच्यातून म्हणे जबर चुंबकीय लहरी निघतात. मी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसलो. साडेचार: रेडिओ मुका. पाच वाजायच्या आत: आभाळात ती. तिसऱ्या दिवशीही तसंच. अहो, याहून मोठा पुरावा कुठल्या शास्त्रज्ञाला मिळाला असेल?

मी ओटीवर सभा घेतली. फळ्यावर तबकडी काढली, लहरी काढल्या. इथवर ठीक होतं. पण एका तांडेलाने विचारलं, "या लहरी आमच्या होकायंत्राला काय करतील?"

"चुंबकीय लहरी म्हटल्यावर होकायंत्र बिघडणारच," मी ठामपणे म्हणालो. "उत्तर दाखवायच्या जागी दक्षिण दाखवेल."

दुसऱ्या दिवशी एकही होडी पाण्यात गेली नाही.

मी मनातून घाबरलो, पण उघड काय बोलणार? आणि पुढची गंमत ऐका. होड्या किनाऱ्यावर होत्या त्या चारही दिवशी तबकडी आली, आणि रेडिओ मात्र खणखणीत बोलत राहिला. एखाद्या शहाण्या माणसाने इथे आपला सिद्धांत गुंडाळून ठेवला असता. मी तो वाढवला.

"सरळ आहे," मी सरपंचांना सांगितलं. "त्यांना रस आहे तो आपल्या होड्यांमध्ये. होड्या निघाल्या की ते लहरी सोडतात."

हे ऐकून जे दोघे-तिघे निघायच्या तयारीत होते, तेही बसले. बोंबलाचा हंगाम, आणि चुली थंड पडायची वेळ. माझ्याकडे कोणी रागाने बघत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. सगळे माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते.

एक काशीबाई सोडून. त्यांनी पाचव्या पहाटे नवऱ्याला बाहेर काढलं. "होकायंत्र नको नं काय नको. किनारा दिसतो तवर जा नं ये," असं म्हणाल्या म्हणे.

दुपारी तो होडी भरून परत आला. साडेचार वाजता सगळं गाव ओटीसमोर जमलं. रेडिओवर भजन चाललं होतं. आणि एकदम खर्रर्र. उत्तरेला पांढरा गोळा वर आला.

"पाहिलंत?" मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी आनंद झाला होता. गाव मात्र हादरलं. बाया पोरांना आत नेऊ लागल्या.

इतक्यात भजन सुरू झालं. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. मी कोपऱ्यावरून काशीबाईंच्या अंगणात डोकावलो. त्या एका हातात ओल्या बोंबलांची माळ धरून उभ्या होत्या. माळ माझ्या तारेवर टाकली, रेडिओ बंद. उचलली, चालू. त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, बांबूवं जागा नाय रेली का मी हितं टाकते," त्या हळूच म्हणाल्या. "ही तार रिकामीच असते. मांजरांच्या भ्यावानं दिवेलागणीला काढते."

ओले, खारट बोंबील तारेवरून खाली भिजलेल्या बांबूला टेकलेले. आभाळातून जे यायचं ते रेडिओत न येता बोंबलांवाटे जमिनीत जात होतं. होड्या गेल्या नाहीत की बोंबील नाहीत, आणि बोंबील नाहीत की बिघाड नाही.

"आणि तो गोळा?"

"तो फुगा हाय. वारा कवडा हाय ते बघाला सोडतात. माजा भाऊस हाय ना तारापूरला कामाला."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंत कवा?"

मागे ओटीसमोर सगळं गाव उभं होतं. चार दिवसांची मासळी माझ्यामुळे गेलेली. आता मार खायचा की नोकरी सोडायची, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तेवढ्यात काशीबाई माळ खांद्यावर टाकून ओटीसमोर गेल्या.

"मास्तरांनी शोधून काडलं," त्यांनी गावाला सांगितलं. "माजे बोंबील लागून रेडिओ बसत व्हता. चूक माजी हाय. नं तो नुस्ता फुगा हाय. उद्या होड्या सोडा."

गाव हसलं. सरपंचांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या पहाटे सगळ्या होड्या गेल्या आणि भरून आल्या. देवाने आणि त्या बाईने मला त्या दिवशी किती मोठ्या संकटातून वर काढलं, ते आठवलं की आजही हात आपोआप जोडले जातात.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेलो. "काशीबाई, तुमचे उपकार कसे फेडू? माझी लाज राखलीत," म्हणालो.

त्या बोंबील पाटीत भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमची कशाला राखू? माजी पोर तुमच्याकडं चवथीत हाय. बापाला भांडून मी तिला शालेत धाडते. मास्तर येडा हाय असा कळला, त उद्या तो तिला माज्या बाजूला बोंबील सुकवाला बसवंल."