जावई आले की उठायचं

मांडीचं हाड जोडल्यावर डॉक्टर म्हणाले, आता सगळं पायांच्या ताकदीवर. आईला वाईहून सांगलीला माझ्याकडे आणलं ते एकाच बोलीवर. हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठता आलं की परत वाईला. तिथे ती एकटीच राहायची, तेव्हा उठवायला कोण येणार? आणि लेकीच्या घरी राहणं तिच्या जिवावर आलं होतं. "वाईला कवा सोडतीस?" हा तिचा सकाळचा पहिला प्रश्न असायचा, चहाच्याही आधी.

म्हणून मी व्यायामाची यंत्रं बघत हिंडू लागले. शाळा सुटली की दुकान, दुकानातून घर, घरी स्वयंपाक. माझेच गुडघे बोलायला लागले होते, पण त्यांना कोण विचारतंय. एकदा रिक्षा करून आईलाही नेलं. विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने चालायचा पट्टा सुरू करून दाखवला. आई लांबूनच बघत म्हणाली, "भुईच पळाया लागली तर म्या पाय कुठं ठिवू?" जागच्या जागी चालवायच्या सायकलवर चढायला पाय पलीकडे टाकावा लागत होता. साडी नेसणारी म्हातारी माणसं यंत्रं बनवणाऱ्यांनी कधी पाहिलेली नसावीत. शेवटी खुर्चीपुढे ठेवायची छोटी पायडलं घेतली. ती घरच्या गुळगुळीत फरशीवर पुढे पुढे सरकायची. वर आईचं म्हणणं, जावयाच्या घरात असे पाय हलवत बसणं बरं दिसत नाही. ताणायचा रबरी पट्टा आणला, तर तिने त्याने गादीची वळकटी बांधून ठेवली. मी इतकी दमले होते की भांडलेसुद्धा नाही.

मग व्यायाम शिकवणारी बाई घरी आली. ती सगळं बघत असतानाच माझे यजमान कुपवाडच्या कारखान्यातली पाळी संपवून आले. गाडीचा आवाज आला तशी आईने पदर डोक्यावर घेतला आणि ते दारात येताच खुर्चीचे हात धरून उभी राहिली. आमच्याकडे जावई आला की सासूने बसून राहायचं नाही. ते रोजच्यासारखं "बसा मामी, बसा" म्हणाले, तेव्हा कुठे ती बसली. ती बाई हसली. म्हणाली, "यापेक्षा चांगला व्यायाम नाही. हेच दिवसभर होऊ दे. खुर्ची मात्र भक्कम ठेवा, हात असलेली, आणि भिंतीला टेकवून."

मला हायसं वाटलं. आमचे यजमान तर कामालाच लागले. कधी पेपर न्यायला, कधी फोनचा चार्जर शोधायला, कधी उगाच पंखा बघायला बाहेरच्या खोलीत यायचे. सासू उठायची, जावई "बसा" म्हणायचे, सासू बसायची. सुटीच्या दिवशी तर त्यांनी इतक्या चकरा मारल्या की मलाच लाज वाटली. पण आईचे हात खुर्चीवरून सुटायला लागले होते. एकदा तर ती बोटं नुसती टेकवून उठली. मी मनातल्या मनात वाईचं घर झाडून पुसून घेतलं.

थंडी पडली आणि तिचे गुडघे सुजले. औषधं बदलली, शेक दिला. तरी ती उठत राहिली, दात आवळून, आणि मी ते बघत राहिले, कारण थांब म्हणायचं म्हणजे वाई सोड म्हणायचं.

मग एका संध्याकाळी यजमान कामावरून आले. आईने पदर घेतला, खुर्चीच्या कडेला सरकली, दोन्ही हातांनी जोर लावला. अर्धी उठली आणि परत खाली बसली. पुन्हा जोर लावलाच नाही. हे दारातच थांबले. रोज सहज तोंडात येणारं "बसा मामी" त्या दिवशी त्यांना म्हणता येईना.

"आज बसूनच हाय, जावईबापू," ती म्हणाली. "राग मानू नगा."

"राग कसला मामी," एवढंच ते बोलले आणि आत गेले.

मी चहा घेऊन तिच्याजवळ बसले. उद्या बरं वाटेल, असं काहीतरी बोलायला लागले. तिने मला थांबवलं.

"आता घरातलीच धरा मला," ती म्हणाली. "पाव्हणी उठती. घरातलं मानूस कशाला उठंल?"

मला रडू आवरेना. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहात साखर कमी झाल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या प्रश्नाची वाट बघत ओट्यापाशी उभी होते. ती उठली, तोंड धुतलं, चहा प्यायली. वाईचं नाव तिने काढलं नाही.