‘लॉस्ट’ लिहिण्याआधी

चार जुने डॉक्टर चहाला बसले की किस्से निघतातच, आणि आमच्यातले निम्मे किस्से सय्यद मॅडमचे असतात. मॅडम मेडिसिनच्या प्रोफेसर. ब्लडप्रेशरच्या एका नव्या गोळीवर त्यांचा अभ्यास चालू होता, एका गटाला ही गोळी, दुसऱ्याला जुनी, आणि आम्ही त्यांचे रेसिडेंट.

अभ्यासातला पेशंट यायचा बंद झाला आणि त्याचा पत्ता लागेना, की संशोधनाच्या भाषेत तो ‘लॉस्ट टू फॉलो-अप’. बरा झाला की वारला, काही कळत नाही. बाकीचे हा शब्द लिहून मोकळे व्हायचे. मॅडम मात्र विचारायच्या, "घरी जाऊन आलात?" मोबाईल नव्हते तेव्हा. जावंच लागायचं!

*

पहिल्यांदा मी शहागंजात गेलो. पेशंट बांगड्यांच्या दुकानात मजेत गिऱ्हाईक करत बसलेला. म्हणाला, "अच्छा हो गया ना साब, अब कायकू आना?"

मला वाटलं, फेरी फुकट गेली. मॅडम म्हणाल्या, "असे बरे झालेले हरवले, तर आपली गोळी उगाच वाईट ठरेल. वारलेले हरवले, तर उगाच चांगली."

*

माझा जोडीदार शिंदे एका आजींना शोधायला गेला. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे जालन्याला गेल्या. शिंदेनं येऊन तसं सांगितलं.

"मग हरवल्या कुठं? जालन्याला आहेत की!" मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शिंदे एसटीत!

*

गंगापूरकडच्या भानुदासरावांसाठी मॅडम स्वतः आमच्याबरोबर आल्या. जीप बघताच हा गडी उसात शिरला. गोळ्या कधीच सोडलेल्या, आता बोलणी बसणार ही भीती.

मॅडम बांधावर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "गोळ्या सोडल्या तरी तुम्ही आमच्या गोळीच्याच गटात मोजले जाणार. शेवटपर्यंत. या बाहेर."

आले बिचारे. मॅडमनी बांधावरच बीपी बघितलं आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. डोकं दुखतं का, झोप लागते का, जेवण जातं का? नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यानंतर भानुदासराव एकदाही चुकले नाहीत. अभ्यास संपला तरी ते ओपीडीत येतच राहिले.

*

मॅडम रिटायर झाल्या. लगेचच त्यांचे मिस्टर गेले आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. आम्ही फोन करायचो. त्या "ठीक आहे" म्हणायच्या आणि आम्ही फोन ठेवायचो.

एका दुपारी मी छावणी भागातल्या त्यांच्या घरी गेलो, तर व्हरांड्यात भानुदासराव बसलेले. गंगापूरहून जीपनं आले होते आणि छावणीभर घर विचारत फिरले होते.

ते मॅडमना सांगत होते, "ओपीडीत लई विचारलं. कुणालाच ठावं नाय. मग म्हनलं, घरी जाऊन यावं."

"मी ठीक आहे," मॅडम म्हणाल्या.

"तसं नाय चालत मॅडम. डोकं दुखतं का? झोप लागती का? जेवण जातं का?"

मॅडमनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "झोप लागत नाही, भानुदासराव."